अल्थियाची हरवलेली पाच वर्षे

१९५५ साल. अमेरिकेतील मिसुरी राज्यात जेफरसन सिटी येथील लिंकन विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणारी अठ्ठावीस वर्षांची एक शिक्षिका टेनिसला रामराम ठोकून लष्कराच्या महिला दलात भरती होण्याचा विचार करीत होती. विचार तरी कसला, तिच्या मनाने तो निर्णय जवळजवळ घेतलाच होता. लष्करात नियमित पगार होता, डोक्यावर छप्पर होते आणि उद्याची चिंता नव्हती. टेनिसने तिला यातले काहीच दिले नव्हते. पाच वर्षांपूर्वी ज्या मुलीने विम्बल्डन विजेतीला पराभवाच्या उंबरठ्यावर आणून उभे केले होते, ती आता अमेरिकेच्या पहिल्या दहा महिला खेळाडूंतही नव्हती.

ती शिक्षिका म्हणजे अल्थिया गिब्सन. पुढच्या तीन वर्षांत तिने फ्रेंच विजेतेपद एकदा, विम्बल्डन दोनदा आणि अमेरिकन विजेतेपद दोनदा जिंकले. ग्रँड स्लॅम दर्जाच्या स्पर्धेत विजयी होणारी ती जगातील पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. हे सारे विक्रमांच्या पुस्तकात सापडते. त्या पुस्तकात १९५१ ते १९५५ या काळाची पाने मात्र जवळपास कोरी आहेत, आणि अल्थियाच्या चाहत्याला खरे कुतूहल वाटते ते त्या कोऱ्या पानांचे. विजेत्या खेळाडूवर प्रेम करणे सोपे असते. हरत राहिलेल्या, कोमेजत चाललेल्या खेळाडूकडे त्याचे चाहते कसे पाहतात आणि त्या नजरेचे ओझे घेऊन तो पुन्हा कसा उभा राहतो, हा अल्थियाच्या चरित्राचा गाभा आहे.

साउथ कॅरोलायनातील सिल्व्हर या खेड्यात २५ ऑगस्ट १९२७ रोजी तिचा जन्म झाला. वडील डॅनियल आणि आई अ‍ॅनी दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवीत. मंदीच्या तडाख्यात शेती बसली आणि १९३० मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आले. तेथे १४३व्या रस्त्यावर त्यांचे बिऱ्हाड होते. हा रस्ता दिवसा वाहनांना बंद करून मुलांना खेळण्यासाठी मोकळा ठेवला जाई. आखूड मैदानावर लाकडी फळीने खेळायचे पॅडल टेनिस तेथे चाले. बाराव्या वर्षी, १९३९ मध्ये, अल्थिया या खेळात न्यूयॉर्क शहराची विजेती झाली.

शाळा तिला कधीच मानवली नाही. वर्गाऐवजी ती सिनेमागृहात किंवा भुयारी रेल्वेत सापडायची. वडिलांचा हात सैल होता. त्यांनी मुलीला ठोसे मारायला शिकवले, तसे तिला मारलेही. घरच्या छळातून सुटलेल्या मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका कॅथॉलिक आश्रयगृहातही तिने काही काळ काढला. तेराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. अशी मुलगी कुठे भरकटली असती याची कल्पना कोणीही करू शकेल. परंतु बडी वॉकर नावाच्या एका वादकाने, जो मुलांच्या खेळांवर देखरेखीचेही काम करी, तिचा हात ओळखला आणि तिला रॅकेट आणून दिली. शेजाऱ्यांनी वर्गणी काढून तिला कृष्णवर्णीयांच्या कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लबचे सदस्यत्व मिळवून दिले. तेथील प्रशिक्षक फ्रेड जॉन्सन यांना एकच हात होता. त्या एका हाताने त्यांनी तिला टेनिसची बाराखडी शिकवली.

त्या काळी अमेरिकेत टेनिसचीही दोन जगे होती. गोऱ्यांच्या संघटनेच्या स्पर्धांची दारे बंद असल्याने कृष्णवर्णीयांनी १९१६ मध्ये अमेरिकन टेनिस असोसिएशन ही आपली वेगळी संघटना स्थापन केली होती. तिच्या मुलींच्या गटात अल्थियाने १९४४ आणि १९४५ मध्ये बाजी मारली. १९४६ मध्ये महिला गटाची अंतिम फेरी ती हरली. पण त्याच काळात हुबर्ट ईटन आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन या दोन डॉक्टरांची नजर तिच्यावर पडली. यातील जॉन्सन यांनीच पुढे आर्थर अ‍ॅशला घडवले. दोघांनी जबाबदारी वाटून घेतली. वर्षभर अल्थिया नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे ईटन यांच्या घरी राहणार, शाळा पुरी करणार आणि त्यांच्या अंगणातील कोर्टवर सराव करणार. उन्हाळ्यात जॉन्सन तिला स्पर्धांना नेणार. मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन हा तिचा मित्र. त्यानेही तिला जाण्याचाच सल्ला दिला. हार्लेमच्या मोकळ्या रस्त्यावर वाढलेल्या मुलीला दक्षिणेत बसमध्ये मागच्या बाकावर बसण्याचे नियम प्रथमच शिकावे लागले. तिने ते गिळले आणि शिक्षण पूर्ण केले. १९४७ पासून सलग दहा वर्षे असोसिएशनचे महिला विजेतेपद तिच्याचकडे राहिले.

गोऱ्यांच्या जगाचे दार उघडले ते १९५० मध्ये, आणि तेही आतून कोणी लाथ मारल्यामुळे. माजी विम्बल्डन विजेती अ‍ॅलिस मार्बल हिने त्या वर्षी जुलैमध्ये ‘अमेरिकन लॉन टेनिस’ या मासिकात पत्र लिहून आपल्याच बिरादरीचे वाभाडे काढले. अल्थियाला खेळू न देणे हा खेळाला कलंक आहे, असा त्याचा आशय होता. त्यानंतर अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण तिच्या हाती पडले. फॉरेस्ट हिल्सच्या हिरवळीवर पाऊल ठेवणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. तेव्हा तिने वयाची तेवीस वर्षे नुकतीच पूर्ण केली होती.

दुसऱ्या फेरीत तिच्यासमोर होती विम्बल्डनची विद्यमान विजेती लुईस ब्रफ. पहिला सेट ब्रफने ६-१ असा सहज घेतला. दुसरा अल्थियाने ६-३ असा खेचून आणला. तिसऱ्या सेटमध्ये पिछाडी भरून काढत ती ७-६ अशी पुढे गेली आणि आकाश फाटले. वादळ एवढे जोराचे की स्टेडियमच्या माथ्यावरील दगडी गरुडांपैकी एक वीज पडून खाली कोसळला. सामना दुसऱ्या दिवसावर गेला. त्या रात्री अल्थियाला झोप लागली असेल का, हा प्रश्न तिचा कोणताही चाहता स्वतःला विचारतोच. दुसऱ्या दिवशी सगळे तीन गेममध्ये आटोपले. ब्रफ ९-७ अशी जिंकली.

हरूनही ती रातोरात प्रसिद्ध झाली, आणि येथूनच तिच्या मागे शुक्लकाष्ठ लागले असे म्हणावे लागेल. हार्लेमपासून दक्षिणेतील कृष्णवर्णीय वस्त्यांपर्यंत सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकले की पुढच्या वर्षी ही मुलगी जिंकणार. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये रंगाची भिंत तोडली होती. टेनिसमध्ये आता अल्थियाची पाळी होती. १९५१ मध्ये ती विम्बल्डनला गेली. तेथे खेळणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला. परंतु तिसऱ्या फेरीतच गारद झाली. नंतरच्या वर्षांतही चित्र फारसे बदलले नाही. फॉरेस्ट हिल्सला जायचे, एखाद-दुसरी चांगली फेरी खेळायची आणि एखाद्या दुपारी अवसान गाळून परत यायचे. देशांतर्गत क्रमवारीत ती पहिल्या दहांत पोहोचली. पण १९५४ मध्ये तेथूनही घसरली. तिला मोठे करणाऱ्या कृष्णवर्णीय पत्रांनीच आता तिची गणना अपेक्षाभंग करणाऱ्यांत केली.

खेळाच्या पानावर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना ‘फॉर्म हरपला’ हे दोन शब्द फार सोयीचे वाटतात. ते लिहिले की कारणमीमांसा करावी लागत नाही. अल्थियाच्या बाबतीत कारणे डोळ्यांसमोर होती. ती फ्लोरिडातील महाविद्यालयात शिकत होती. १९५३ मध्ये पदवी घेतल्यावर ती मिसुरीत शिकवू लागली. हिरवळीवरचे टेनिस तिला वर्षातून मोजकेच आठवडे मिळे. तिच्या प्रतिस्पर्धी मुली श्रीमंत क्लबांच्या अंगणात, रोज एकमेकींशी खेळत वाढत होत्या. तिला त्यातील बहुतेक क्लबांत प्रवेशच नव्हता. त्या वेळचे टेनिस हौशी होते, म्हणजे बक्षिसाचे पैसे नाहीत. फार तर प्रवासखर्च मिळे. घरी पैसा असणाऱ्यालाच हौस परवडते. अल्थियाच्या घरी तो नव्हता.

खेळातही उणिवा होत्या. सहा फुटांच्या जवळ जाणारी उंची, लांब हात, तडाखेबंद सर्व्हिस आणि जाळ्याकडे झेप या तिच्या जमेच्या बाजू. पण चेंडू मागच्या रेषेवर खेळवत ठेवायची वेळ आली की तिचा संयम सुटे. हातात आलेले सामने ती चुकांनी घालवी. अशा खेळाडूला प्रशिक्षक लागतो. त्याहून अधिक गरज असते ती सगळे जग अपेक्षाभंगाचे हिशेब मांडत असताना तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या एका माणसाची.

तो माणूस भेटला हार्लेममध्येच. सिडनी लुएलिन टॅक्सी चालवायचा आणि टेनिस शिकवायचा. त्याने अल्थियाची रॅकेटवरील पकड बदलली, फटक्यांची शिस्त लावली. कोर्टच्या कोणत्या कोपऱ्यातून चेंडू कोठे परतवायचा याचे आडाखे त्याने बांधलेले होते; ते तिच्याकडून घोटून घेतले. पंचविशी ओलांडलेल्या खेळाडूने पकड बदलणे म्हणजे गायकाने उमेदीच्या मध्यावर सूर लावण्याची रीत बदलण्यासारखे आहे. जुने हातचे जाते आणि नवे लगेच येत नाही. १९५४-५५ मधील तिचे काही पराभव या बदलाच्या खात्यावर मांडायला हवेत, असे मला वाटते. त्या वेळी मात्र बाहेरून पाहणाऱ्याला घसरणच दिसत होती. खुद्द अल्थियाचाही धीर सुटत चालला होता. लष्कराची नोकरी तिला खुणावू लागली ती याच सुमारास. लुएलिनचा तिला कडाडून विरोध होता.

अशा वेळी वॉशिंग्टनहून निरोप आला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आशियात सदिच्छा दौऱ्यावर टेनिसपटूंचा चमू पाठवायचा होता आणि त्यात अल्थिया हवी होती. यामागे निव्वळ क्रीडाप्रेम नव्हते, हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली होती आणि जगभर अमेरिकेची नाचक्की होत होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाई देशांपुढे एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणी मिरवण्यात सरकारचा स्वार्थ उघड होता. अल्थियाला हे कळत नव्हते असे नाही. तिने होकार दिला. लष्कराचा विषय मागे पडला.

कॅरोल फॅगेरॉस, हॅम रिचर्डसन आणि बॉब पेरी या तीन गोऱ्या खेळाडूंबरोबर ती निघाली. ब्रह्मदेश, भारत, पाकिस्तान, सिलोन, थायलंड असा सहा आठवड्यांचा हा दौरा. तिकडे मायदेशी अलाबामातील मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर बसवर बहिष्कार सुरू झाला होता, आणि इकडे अल्थियाला पाहायला गर्दी लोटत होती. आशियातील प्रेक्षकांना ती आपल्यातलीच वाटली. तिच्या सावळ्या रंगाचे त्यांना अप्रूप नव्हते, उलट जिव्हाळा होता. अमेरिकेतील वर्णद्वेषाबद्दल लोक तिला प्रश्न विचारीत. ती त्यांना शांतपणे उत्तरे देई.

तिच्या पुनरागमनाची सुरुवात अनेक जण पॅरिसपासून करतात. माझ्या मते ती येथे झाली, रंगून-दिल्ली-कोलकात्याच्या हिवाळ्यात. आयुष्यात प्रथमच ती रोज, सलग, चांगल्या दर्जाचे टेनिस खेळत होती. राहण्या-जेवण्याची भ्रांत नव्हती. मुख्य म्हणजे हार्लेमच्या वर्तमानपत्रांचा, फॉरेस्ट हिल्सच्या कुजबुजीचा आणि कोणाच्याही अपेक्षांचा हिशेब देण्यापासून ती काही हजार मैल दूर होती. हरली तर एक सामना हरणार होती, एक वंश नव्हे. लुएलिनने घोटून घेतलेली पकड या मोकळ्या हवेत हातात बसली.

दिल्लीतच तिची गाठ पडली अँजेला बक्स्टनशी. ही इंग्लंडची खेळाडू ज्यू होती आणि लंडनच्या क्लबांनी ज्यू म्हणून तिला दूर ठेवण्याचे अनुभव तिच्या गाठीशी होते. एकीला कातडीने आणि दुसरीला धर्माने बाहेर ठेवलेले. दोघींची मैत्री जुळली नसती तरच नवल. दुहेरीसाठी चांगली जोडीदार दोघींनाही हवी होती. ती दोघींना सापडली.

दौरा संपल्यावर अल्थिया अमेरिकेला परतलीच नाही. आशिया-युरोपात खेळत राहिली आणि अठरापैकी सोळा स्पर्धा तिने जिंकल्या. मे १९५६ मध्ये पॅरिसच्या लाल मातीवर फ्रेंच विजेतेपदाच्या उपांत्य फेरीत तिच्यासमोर आली ती बक्स्टनच. मैत्रीण पहिला सेट घेऊन गेली. पुढचे दोन अल्थियाने घेतले. अंतिम फेरीत इंग्लंडच्या अँजेला मॉर्टिमरविरुद्ध पहिला सेट ६-० असा आटोपला आणि दुसऱ्यात मात्र घाम निघाला. जुनी अल्थिया असती तर तो सेट हरली असती. या वेळी ती टिकली आणि १२-१० अशी जिंकली. दुहेरीचे विजेतेपदही बक्स्टनसह तिनेच पटकावले. पुढे विम्बल्डनची दुहेरीही याच जोडीने जिंकली.

पण पुनरागमने सरळ रेषेत होत नसतात. त्या वर्षी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत शर्ली फ्रायने तिला हरवले. फॉरेस्ट हिल्सच्या अंतिम फेरीत फ्रायच, आणि पुन्हा पराभव. जानेवारी १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियन विजेतेपदाच्या अंतिम फेरीत पुन्हा फ्राय, पुन्हा पराभव. ऑस्ट्रेलियात मात्र दोघींनी जोडीने दुहेरीचे विजेतेपद मिळवले. आठ महिन्यांत एकाच खेळाडूकडून तीन मोठ्या स्पर्धांत हार पत्करूनही अल्थियाचा खेळ ढासळला नाही. पाच वर्षांपूर्वीच्या आणि आताच्या अल्थियातील फरक मला विजयांपेक्षा या तीन पराभवांत अधिक ठळक दिसतो.

६ जुलै १९५७ रोजी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर डार्लीन हार्डला तिने ६-३, ६-२ असे हरवले आणि राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते पारितोषिक स्वीकारले. रात्रीच्या मेजवानीत पुरुष विजेत्या ल्यू होडबरोबर तिने नृत्य केले आणि गाणीही म्हटली. न्यूयॉर्कने तिची ब्रॉडवेवरून कागदांच्या वर्षावात मिरवणूक काढली. असा मान मिळालेली जेसी ओवेन्सनंतरची ती दुसरी कृष्णवर्णीय अमेरिकन.

सप्टेंबरमध्ये फॉरेस्ट हिल्सच्या अंतिम फेरीत जाळ्याच्या पलीकडे उभी होती लुईस ब्रफ. सात वर्षांपूर्वी वादळाने अर्धवट ठेवलेल्या सामन्यातील तीच ब्रफ. या वेळी आकाशाने दगा दिला नाही. अल्थिया ६-३, ६-२ अशी जिंकली. उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी तिला चषक दिला. १९५८ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन अशी दोन्ही विजेतेपदे तिने राखली.

गंमत अशी की याच काळात तिचे वृत्तपत्रांशी बिनसले. प्रत्येक विजयानंतर आपल्या समाजाविषयी निवेदन करावे अशी अपेक्षा असे, आणि ती आपल्याला टेनिसपटू समजत होती, प्रवक्ती नव्हे. हरताना तिला नाउमेद करणारी मंडळी आता तिला गर्विष्ठ म्हणू लागली. तिच्या स्वभावात ताठा होता हे मान्य. पण कोणाच्या हाती काही न मागता वर आलेल्या माणसात तो नसेल तर कोणात असेल?

१९५८ अखेर, शिखरावर असताना, तिने हौशी टेनिस सोडले. कारण पुन्हा तेच: पैसा. दोनदा विम्बल्डन जिंकूनही घरभाडे भागत नव्हते. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल चमूच्या सामन्यांआधी ती फॅगेरॉसबरोबर प्रदर्शनीय टेनिस खेळली. त्यात कमाई झाली. नंतर स्वतः काढलेल्या दौऱ्यात ती बुडाली. गाण्याची ध्वनिमुद्रिका काढली, जॉन फोर्डच्या ‘द हॉर्स सोल्जर्स’ या चित्रपटात भूमिका केली. १९६४ मध्ये महिलांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये उतरणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. तेथेही काही क्लबांनी कपडे बदलायची खोली नाकारल्याने तिला मोटारीत बसून बूट बदलावे लागत. गोल्फमध्ये ती एकही स्पर्धा जिंकली नाही. १९६८ मध्ये टेनिस व्यावसायिकांना खुले झाले, पैसा आला. तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. प्रयत्न करून पाहिला, पण पाय साथ देईनात.

पुढे न्यू जर्सी राज्याच्या क्रीडा प्रशासनात तिने काम केले. नव्वदच्या दशकात पक्षाघाताने तिला घरात कोंडले. औषधपाण्याला पैसे उरले नाहीत. एके दिवशी तिने समुद्रापलीकडे अँजेला बक्स्टनला फोन लावला आणि आता जगण्यात अर्थ नाही, असे निरोपाचे बोल सुनावले. बक्स्टनने आधी स्वतः पैसे पाठवले आणि मग, अल्थियाला न सांगता, ‘टेनिस वीक’ या मासिकात तिच्या अवस्थेबद्दल पत्र छापून आणण्याची व्यवस्था केली. एका पत्राने १९५० मध्ये तिच्यासाठी दार उघडले होते. दुसऱ्याने तिला जगवले. जगभरातून पाकिटे येऊ लागली. मदतीची रक्कम दहा लाख डॉलरच्या घरात गेली. ही पाकिटे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी तिला प्रत्यक्ष खेळताना पाहिले असेल कोण जाणे. तिच्यानंतर विम्बल्डनचे महिला विजेतेपद कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूकडे यायला २००० साल उजाडावे लागले. ती खेळाडू होती व्हीनस विल्यम्स, आणि अल्थियाने ते पाहिले.

२८ सप्टेंबर २००३ रोजी न्यू जर्सीतील ईस्ट ऑरेंज येथे तिचे निधन झाले. अमेरिकन खुली स्पर्धा १९७८ पासून फॉरेस्ट हिल्स सोडून फ्लशिंग मेडोजला गेली आहे. तेथे तिचा पुतळा उभारायला २०१९ साल उजाडले. बक्स्टन तेव्हा हयात होती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, तीही गेली.